मैदानासकट पेठकर

सावळेश्वरचं क्रीडासंकुल आंबेमाळ या उपनगरात हलवायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण खो-खोच्या मैदानात सहाव्या चौकोनात दिगंबर पेठकर लग्नाच्या आधीपासून खो मिळायची वाट पाहत बसलेला होता. खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं, आणि पेठकर नियमाचा पक्का.

त्याचं लग्नही तिथेच लागलं. सप्तपदी शालन एकटीच चालली. तेव्हापासून ती रोज दुपारी त्याला डबा नेऊन द्यायची, पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर ताडपत्री बांधायची आणि घरी येऊन एकटी जेवायची. तिला आता या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. कुणाला नाही येणार?

मुख्याधिकारी लोखंडेबाईंनी नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी ठेवली. आंबेमाळवाले म्हणाले, चौकोन मातीसकट खणून काढू आणि पेठकरांना बसल्या बसल्या ट्रकने नेऊ. त्यावर मैदान बचाव समितीचे अध्यक्ष वसंत गुळवणी यांनी टेबलावर मूठ आपटली.

"बसलेला खेळाडू हलवणं हा फाउल आहे! मैदान इथेच राहील आणि पेठकरही इथेच राहील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शालन मात्र हिशेब करत होती. मैदान गेलं तर डबा घेऊन दोन बस बदलायच्या; राहिलं तर नवरा जन्मभर तिथेच. तिला तो घरी हवा होता, पण विषयपत्रिकेवर तो विषयच नव्हता.

ती उठून उभी राहिली. "बाई, एक विचारू? ह्यांना खो द्यायचा कुणी?"

"जो धावत होता त्याने," बाई म्हणाल्या. "कोण धावत होतं?"

गुळवणी चष्मा पुसायला लागले.

"वसंत भावोजीच धावत होते," शालन म्हणाली. "पाणी पिऊन येतो म्हणून गेले, ते अजून पितायत."

"वहिनी, तो विषय वेगळा आहे."

"तुमचा असेल वेगळा. माझा तेवढाच आहे."

"मग खो का दिला नाहीत तुम्ही?" बाईंनी गुळवणींना विचारलं.

गुळवणींनी बरेच आढेवेढे घेतले. आधी दुकान काढलं, मग मुलीचं लग्न, मग सांधेदुखी. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, खो दिला की त्याच्या जागी मला बसावं लागतं!"

"लागतंच," बाई म्हणाल्या. "आजच द्या."

"मग आमची अडचण तीच राहिली की!" आंबेमाळचे लोक ओरडले.

"गुळवणी ट्रकने येतात का विचारा."

गुळवणी काही ट्रकला तयार होईनात. तेव्हा आंबेमाळने आपलं वेगळं मैदान बांधायचं ठरवलं. अध्यक्ष चोवीस तास जागेवरच सापडणार म्हणून समितीही खूश झाली. इतकी सुरळीत सुनावणी सावळेश्वरात पूर्वी झाली नव्हती.

खो द्यायच्या वेळी शालन मैदानावर गेली नाही. नवरा पहिल्यांदाच घरी येणार, स्वयंपाक नको करायला? दाराकडे पाठ करून ती गवार मोडत बसली. तिकडे टाळ्या पडल्याचं तिला ऐकू आलं. थोड्या वेळाने गल्लीतून पावलं वाजली, आणि पावलांबरोबर गुडघेही वाजत होते.

दिगंबर धापा टाकत आत आला. चपला न काढता सरळ तिच्यामागे येऊन उभा राहिला. तिच्या पाठीवर त्याचा हात पडला.

"खो!" तो मोठ्याने म्हणाला.

शालन उठली. तिच्याही गुडघ्यांत कळ आली. तो तिच्या जागी बसला, परात पुढे ओढली आणि गवार मोडायला लागला. जाड जाड तुकडे करत होता, पण करत होता. तिला भरून आलं.

मग तिने पदर खोचला, उंबरा ओलांडला आणि उजवीकडे धावत सुटली. गल्लीतल्या लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. तिला फार बरं वाटत होतं.