एल्मारच्या सौजन्यामुळे झालेलं नुकसान

अपमान ही सुसंस्कृत समाजाची मूलभूत गरज आहे. स्वतःच्या गावात ती घरच्या घरी भागते (विवाहितांची तर पोटभर), पण परगावी गेलेल्या माणसाची फार आबाळ होते. हॉटेलवाले हसतात, दुकानदार हसतात, विमानात तर हसण्याचाच पगार असतो. अशा उपाशी जिवांसाठी आमच्या कोलोन शहरानं ऱ्हाईनकाठच्या जुन्या वस्तीत पिढीजात बिअरघरं राखून ठेवली आहेत. तिथल्या वेटरला क्योबेस म्हणतात. समोर मंत्री असो की बिशप, क्योबेस अरे-तुरेच करणार. चिंचोळा पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा आदळणार, आणि तुम्ही पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून शरण येईपर्यंत आदळत राहणार. ही सेवा आहे. पर्यटक त्यासाठी समुद्र ओलांडून येतात.

मी निवृत्त झाल्यापासून रोज ‘वाकडा कोंबडा’मध्ये बसतो. तिथला ड्रिकेस हा क्योबेस म्हणजे या सेवेतला मेरुमणी. त्यानं हिणवलेली माणसं नाताळला त्याला कार्डं पाठवत. पण त्याचे गुडघे गेले, आणि मालकीण गर्ट्रूडनं त्याच्या जागी एल्मारला घेतलं.

एल्मार आधी अंत्यविधीच्या कंपनीत शोकाकुल नातेवाइकांशी बोलायचं काम करी. तिथं कोणी हसत नाही म्हणून बिचारा इकडे आला होता. पहिल्याच टेबलाशी तो वाकून म्हणाला, “शुभ संध्याकाळ. आपल्याला काय आणू? सावकाश सांगा.” समोरच्या अमेरिकन जोडप्याचा चेहरा पांढरा पडला. आपलं कोणीतरी गेलं, असंच त्यांना वाटलं.

तक्रारी येऊ लागल्या. ‘वेटर हसला.’ ‘वेटरनं खुर्ची ओढून दिली, मुलं घाबरली.’ अखेर गर्ट्रूडनं त्याला बोलावलं. “एल्मार, शनिवारपर्यंत कोणाला तरी रडवलं नाहीस, तर दुसरीकडे काम बघ.”

त्याला तयार करायची जबाबदारी मी घेतली. (अपमान सोसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.)

“मला म्हण, ए टकल्या!”

“पण आपल्याला टक्कल शोभतं हो,” एल्मार म्हणाला.

“मग ढेरपोट्या म्हण.”

“आपल्या प्रकृतीची काही तक्रार आहे का?”

शनिवारी संध्याकाळी हॉलंडहून आलेल्या मारेके नावाच्या एक वयस्कर बाई एकट्याच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. एल्मार जवळ जाताच म्हणाल्या, “लग्न झाल्यावर आम्ही दोघं इथं आलो होतो. इथल्या वेटरनं माझ्या नवऱ्याला ‘वाळलेलं गाजर’ म्हटलं. जन्मभर कौतुकानं सांगत फिरायचे. मार्चमध्ये गेले. मलाही काहीतरी म्हण ना, बाळा.”

एल्मारनं सवयीनं हात जोडले. “आपल्या दुःखात आम्ही सर्व…”

“ते नको!” बाई टेबलावर थाप मारून ओरडल्या. “ते सगळ्यांचं म्हणून झालंय. पोरं, शेजारी, सगळे माझ्याशी दबकत बोलतात. जसं काही मीच मेलेय!”

एल्मारनं जोडलेले हात सोडले आणि शेजारच्या टेबलावरचा भरलेला पेला उचलला. मग त्यानं तो असा आदळला की फेस बाईंच्या बाहीवर उडाला.

“गाजर गेलं, आणि हा भोपळा इथं जागा अडवून बसलाय! पी गुपचूप, नाहीतर ऊठ. मागं जिवंत माणसं खोळंबलीत!”

गर्ट्रूडनं डोळे मिटले. आणि मारेकेबाई हसायला लागल्या. खुर्ची करकरेपर्यंत हसल्या. “मेल्या,” त्या बाही पुसत म्हणाल्या, “आणखी एक आण!”

एल्मार आत स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडला. (अट ‘कोणाला तरी’ रडवण्याची होती. ती पूर्ण झाल्याचं गर्ट्रूडनं मान्य केलं.)

आता त्याच्या टेबलांसाठी रांग लागते. बँकवाले, डॉक्टर, नवरा-नवरी, सगळे झोडपून घेऊन तृप्त होऊन जातात. जुनी कला मात्र त्यानं पुरती टाकलेली नाही. क्वचित एखादा माणूस आत येतो आणि एल्मारला एका नजरेत कळतं की याला थट्टा सोसायची नाही. मग तो अदबीनं वाकतो, खुर्ची ओढून देतो, “या साहेब, बसा” म्हणतो. तो माणूस खूश होतो. इथं आपला मान राखला गेला, असं घरी जाऊन सांगतो. आम्ही नेहमीचे लोक तेवढा वेळ आपापल्या पेल्यात बघत बसतो.

बाकी तुमचं कसं काय? तुमच्याशी सगळे आदरानंच बोलत असतील, नाही का?