खोदाई धरून

"माती कुठे गेली?" मार्लिसने विचारले.

आर्विडने लापशीच्या वाडग्यातून वर पाहिले. "कुठली माती?"

"रिंगडालांच्या मागच्या अंगणातली. फूटभर खोल खोदायचं आहे. तुझ्या आकड्यात फरशीचे पेव्हर आहेत, खडी आहे, वाळू आहे, कडेच्या पट्ट्यासुद्धा आहेत. खोदाई नाही. माती आपण होऊन उठून जाणार आहे का?"

"धरली होती मी खोदाई," आर्विड म्हणाला. "मग त्यांनी लिंबाच्या वड्या आणल्या."

मिनेसोटातल्या त्या गावात अंगणांची फरसबंदी करणारा आर्विड सँडविक कामाला चोख होता. त्याने बसवलेले अंगण हिवाळ्यात जमीन गोठून फुगली तरी जागचे हलत नसे, आणि पावसाचे पाणी घराकडे न येता मुकाट्याने बागेकडे जाई. किमतीचे गणितही त्याला येत होते. गाडीत बसून काढलेला त्याचा आकडा मार्लिसच्या आकड्याशी नेहमी जुळे. पण तो गाडीतून उतरून गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात कॉफीपुढे बसला की आकडाही त्याच्याबरोबर उतरू लागे. पहिल्या कपाला पायऱ्या फुकट, दुसऱ्याला वाहतूक, आणि वड्या घरच्या असल्या तर खोदाई.

मार्लिस शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तिने वर्गावर वर्षानुवर्षे सांगितले होते. तरीही मागच्या हंगामाची कामे एकेक करून आठवल्यावर तिला निष्कर्ष टाळता येईना.

"एक कप कॉफी आपल्याला साधारण चारशे डॉलरला पडते," ती म्हणाली. "चौकातल्या हॉटेलात दोनला मिळते. वर कप पुन्हा भरून देतात."

"मी मागत नाही. ते विचारतात."

"नाही म्हणायचं. मोजमाप घ्यायचं, आभार मानायचे, घरी यायचं. भाव मी कळवीन." मग तिने खिडकीबाहेर पाहिले. "हेही वर्ष असंच गेलं ना, तर ड्वेनला ठेवता येणार नाही आपल्याला."

ड्वेन हा त्यांचा एकुलता एक कामगार. पहिल्या अंगणापासून तो त्यांच्याकडे होता. आत्ताही खिडकीबाहेर तो ट्रकमध्ये फावडी भरत होता, नेहमीसारखा, कुणाशी न बोलता. आर्विडने चमचा खाली ठेवला.

"नाही कितीदा म्हणायचं?" त्याने विचारले.

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. त्या गावात पहिले 'नको' हा शिष्टाचार असतो. दुसरे 'नको' म्हणजे तुम्ही कशाला त्रास घेता. तिसऱ्यांदा विचारले की माणूस "बरं, अर्धाच कप" म्हणतो आणि भरलेला कप पितो. चौथे 'नको' कुणी ऐकलेले नव्हते.

"विचारतील तितक्यांदा," मार्लिस म्हणाली.

पहिली पाळी लव्हॉन टॉलेफसनबाईंची आली. जूनमध्ये त्यांच्या नातीचे शाळेचे शेवटचे वर्ष संपणार होते आणि त्या दिवशी अख्खे गाव त्यांच्या मागच्या अंगणात जेवायला येणार होते. आर्विडने मोजमाप घेतले. बाजूचे फाटक अरुंद होते. आर्विडचे माती वाहायचे यंत्र आत जाणार नव्हते, म्हणजे सगळी माती हातगाडीने बाहेर काढावी लागणार होती. हे त्याने नीट लक्षात ठेवले. मग लव्हॉनबाईंनी कॉफीचे विचारले, आणि त्याने चार वेळा नको म्हटले.

लव्हॉनबाई किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पोट बरं नाही का?"

"पोट बरं आहे."

"मग?"

आर्विडला खोटे बोलता येत नसे आणि खरे सांगायची लाज वाटत होती. त्याने दोन्हींच्या मधले काहीतरी शोधले. "मार्लिसने बंद केलीय माझी," तो म्हणाला.

मार्लिस विज्ञान शिकलेली बाई. तिने नवऱ्याची कॉफी बंद केली, तर कारण साधे असणार नाही. लव्हॉनबाईंनी तो गेल्यावर धाकट्या बहिणीला फोन केला, बहिणीने पाद्रीबाईंना. संध्याकाळपर्यंत चर्चच्या फोनसाखळीतून आर्विडच्या हृदयासाठी घरोघर प्रार्थना चालू झाली होती. दुसऱ्या दिवशी सँडविकांच्या पायरीवर आजाऱ्याच्या घरी पोचवायच्या जेवणाची झाकलेली भांडी येऊ लागली. बटाट्याचे, शेवयांचे, पुन्हा बटाट्याचे. त्यामागोमाग फोन आले.

"मार्लिस, आमच्या अंगणाचं काही घाईचं नाही हं," रिंगडाल म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू. तब्येत आधी."

"अरे, पण तो ठणठणीत आहे."

"हो, हो. हिंमत ठेव."

ठणठणीत आहे असे सांगणे हा तिथे आजाराचा पुरावाच असतो. गावातल्याच ऑरिन बाकेचा पाय मोडला होता तेव्हा तोही गोठ्याच्या दारात पडल्या पडल्या ठीक आहे म्हणाला होता. मार्लिस जितक्या शांतपणे नकार देई, तितके पलीकडचे आवाज हळवे होत. आठवडा संपेपर्यंत वसंतातली सगळी कामे अशी मायेने पुढे ढकलली गेली. एकट्या लव्हॉनबाईंचे काम उरले, कारण नातीची शाळा पुढे ढकलता येत नव्हती. मार्लिसने त्यांना पूर्ण भाव कळवला, खोदाई आणि हातगाड्या धरून. लव्हॉनबाईंनी घासाघीस न करता होकार दिला. आजारी माणसाशी घासाघीस कोण करणार?

"एका कामावर ड्वेनचा पगार निघत नाही," मार्लिस म्हणाली.

"मी लोकांसमोर दगड उचलून दाखवतो," आर्विड म्हणाला.

त्याने भर चौकात, बियाण्यांच्या दुकानापुढे, पेव्हरची चवड उचलून ट्रकमध्ये चढवली. लोक आर्विडकडे नव्हे, बाजूला उभ्या असलेल्या ड्वेनकडे रागाने पाहत राहिले. दोन म्हाताऱ्या बायकांनी ड्वेनला बाजूला घेतले. त्या दिवसापासून ड्वेन आर्विडच्या हातात मोजायच्या टेपपेक्षा जड काही येऊ देईना.

खोदाईच्या दिवशी सकाळी लव्हॉनबाईंच्या घरापुढे गाड्यांची रांग होती. चर्चमधले पुरुष फावडी आणि हातगाड्या घेऊन आले होते. निवृत्त पोस्टमास्तर, विमा विकणारा, बँकेतला, आणि सर्वांत पुढे ऑरिन बाके.

"तू गाडीतच बस," ऑरिन म्हणाला. "खड्डा आम्ही करतो."

"ऑरिन, मला जरा सांगायचं आहे."

"सांगू नकोस. दम लागेल."

कुणीतरी त्याच्या मांडीवर घोंगडी टाकली. आर्विड काचेतून पाहत राहिला. जे काम तो टेबलाशी बसून फुकटात देऊन टाकत आला होता, ते तिकडे चालू होते. त्याने ते इतक्या लांबून कधी पाहिले नव्हते. ओली, चिकट माती फावड्याला धरून बसत होती. भरलेली हातगाडी अरुंद फाटकात अडकत होती आणि प्रत्येक खेपेला कुणाची तरी बोटे फाटकावर घासत होती. दुपारनंतर पुरुषांचे बोलणे कमी झाले. विमावाला एका खेपेनंतर सरळ उभाच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आर्विड गाडीत बसला नाही. मार्लिसला बरोबर घेऊन तो खड्ड्याच्या काठावर गेला आणि सर्वांनी हात थांबवेपर्यंत तिथेच उभा राहिला.

"मला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे कॉफी प्यायलो की मी भाव उतरवतो. म्हणून हिने कॉफी बंद केली. एवढंच आहे."

मग ऑरिनने कमरेवर हात ठेवून विचारले, "म्हणजे तू धडधाकट आहेस."

"हो."

"आणि आम्ही खोदतोय."

"हो. काल सांगणार होतो. घोंगडी घातलीत."

"भाव उतरतो हे आम्हाला ठाऊक होतं," लव्हॉनबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आम्हाला वाटायचं, तुला परवडत असेल. नाहीतर तू बोलला असतास."

"मला वाटायचं, मी बोललो तर तुम्हाला वाईट वाटेल."

मार्लिस दोघांकडे पाहत होती. इतकी वर्षे दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेत होत्या आणि त्याचा खर्च कुठे पडतो हे कुणीच पाहिले नव्हते, असे तिला वाटले.

अर्धा खड्डा तसाच टाकून जाणे त्या माणसांना फसवले जाण्यापेक्षा जड गेले असते. त्यांनी तो पुरा केला. मार्लिसने खोदाईची रक्कम लव्हॉनबाईंच्या भावातून वजा करायला घेतली, लव्हॉनबाई करू देईनात, आणि शेवटी ती रक्कम चर्चच्या स्वयंपाकघराच्या गळक्या छपराला गेली. आर्विड आणि ड्वेनने पेव्हर बसवले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहायची वेळ आली तेव्हा पुरुषांची एक अख्खी रांग कंबर धरून बसूनच राहिली.

मग फोन आले. पुढे ढकललेली कामे एकेक करून परत आली, आणि नवीन एक ऑरिनचे. मार्लिसने त्याला भाव कळवला.

"खोदाई कमी धरलीस," ऑरिन म्हणाला.

"बरोबर धरलीय."

"मार्लिस, मी खोदलंय. वाढव."

"वाढवायचं कारण नाही, ऑरिन."

"मला अजून उठता येत नाहीये. आडव्यानं बोलतोय तुझ्याशी. वाढव."

तिने थोडी वाढवली. रिंगडालांनी लिंबाच्या वड्या पुन्हा केल्या, पण खोदाईचा विषय निघाल्यावर रिंगडालने आर्विडपुढचे ताट स्वतःकडे ओढून घेतले. हंगाम तोट्यात जाणार नाही, हे आता नक्की झाले. आर्विडने ड्वेनला घरात बोलावून सांगितले, की पुढच्या वर्षीची काळजी करू नकोस.

ड्वेन दाराशीच उभा राहिला. हातातली टोपी त्याने एकदा फिरवली.

"मी जाणार होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठेही. तीन वर्षं झाली ठरवून. खोदवत नाही आता. पण म्हटलं, मी गेलो तर तुमचं कसं होणार."

आर्विडने मार्लिसकडे पाहिले. मार्लिस टेबलाकडे पाहत होती.

"छोटं खोदायचं यंत्र भाड्यानं मिळतं," ड्वेन म्हणाला. "अरुंद फाटकातून जातं. बसून चालवायचं असतं. तेवढं असलं तर राहीन मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"खोदाईचे पैसेच धरत नव्हतात तुम्ही. यंत्र कशातून आणणार?"

मार्लिसने फोन उचलून शेजारच्या गावातल्या भाड्याच्या दुकानाला लावला. पलीकडच्या माणसाने एका दिवसाचे भाडे सांगितले. मार्लिस किती दिवस लागतील याचा मनात हिशेब करत गप्प राहिली. पलीकडचा माणूस घसा खाकरून म्हणाला की वाहतूक तो धरणार नाही. हिशेबात मार्लिस अजून रिंगडालांच्या अंगणावरच होती. डिझेलही भरून देऊ, तो म्हणाला, आणि आठवडाभर घेणार असाल तर एक दिवस सोडून देतो.

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. आर्विड खुर्चीत पुढे सरकून बसला. त्या माणसाला तो ओळखत नव्हता.

"मार्लिस," तो हळूच म्हणाला, "पहिला भाव दे त्याला."