कोंडाजींनी फिरवलेली फाइल

"इंग्रजी शब्द मला नका शिकवू! एकतीस वर्षं सायबाच्या दारात स्टुलावर बसून काढलीत!"

मुंबईच्या हापिसातून शिपाई म्हणून निवृत्त होऊन कुडपणला परतलेले कोंडाजी सुनेला, तुळसाला, ठणकावून सांगत होते. कारण मोबाइलवर नाते गावच्या रावजींचा निरोप आला होता. रावजींनी पुतण्याची, अक्षयची, माहिती फोटोसकट पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'तुमच्यात सर्क्युलेट करा आणि कळवा.'

"आबा, म्हंजे चार नातेवाइकांना दाखवा, येवढंच," नात सेजल म्हणाली. पोलादपूरच्या मेडिकलमध्ये कामाला होती ती. अक्षयला तिनं दोनदा पाहिलं होतं, आणि हे स्थळ टिकावं असं तिला फार वाटत होतं. मागचं स्थळ होकार यायच्या आधीच आबांनी गावभर केलं आणि ते मोडलं!

"तू गप गो! सर्क्युलेट म्हंजे टेबलाटेबलावर फिरवायचं. प्रत्येकाचा शेरा, खाली सही, आन् फायल जिथून आली तिथं परत. कायदा हाय!"

कोंडाजींनी झेरॉक्सवाल्याकडून माहिती छापून आणली, मागं कोरे कागद लावले, नाडीची फाइल घेतली, नाडीला पेन बांधला. वाडीत टेबलं नव्हती, म्हणून चौदा उंबरे धरले.

"काय लिवू?" पहिल्याच घरी धोंडूनं विचारलं.

"मनात आसंल ते लिव. पण खरं लिव!"

लोक लिहीत असताना कोंडाजी पाठ करून उभे राहात. शिपायानं फाइल वाचायची नसते! एकतीस वर्षांत त्यांनी एक ओळ वाचली नव्हती, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

चौदा उंबरे झाल्यावर शेवटचं घर त्यांचंच. संध्याकाळी सेजलनं फाइल वाचली, तोंडावर ओढणी धरली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि आईला सापडेल अशी फळीवर ठेवली. सकाळी आईच्या आधी आबाच उठले. त्यांनी नाडी बांधली आणि फाइल पहिल्या जीपवाल्याकडे दिली. थेट नाते गावाला!

तिसऱ्या दिवशी रावजी अक्षयला घेऊन दारात हजर. तुळसानं घाईघाईनं पोहे टाकले. रावजींनी फाइल कोंडाजींच्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

"मी? शिपायानं कधी..."

"वाचा वो! मोठ्यानं!"

कोंडाजींनी चष्मा लावला. "मुलगा बरा. कान मोठे. धोंडू." "मुलाच्या गाडीचा आवाज फार, म्हस बिचकून दूध चोरते. सदू." पुढचा शेरा राहीबाईचा, नातवानं लिहिलेला, अंगठ्यासकट. "मुलाचे काका आमच्या हळदीला आले ते चौथ्या दिवशी गेले."

"तिसऱ्या!" रावजी गरजले.

कोंडाजींचे कान लाल झाले. अजून अकरा शेरे होते, आणि रावजींनी एकही सोडू दिला नाही. वाचता वाचता कोंडाजींचा आवाज एवढा बसला, की शेवटच्या ओळींना अक्षयला पुढं सरकून ऐकावं लागलं. अक्षर ओळखीचं होतं.

"आई, मला मुलगा पसंत आहे. आबांना इतक्यात सांगू नकोस. ह्या वेळी तरी माझं गावभर व्हायला नको."

सेजल आत पळाली. तुळसा झारा हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोंडाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं जे त्यांच्यापासून लपवलं, ते त्यांनीच बांधून पाठवलं होतं, आणि आता मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं!

अक्षयनं नाडीचा पेन घेतला. कान खाजवत त्यानं खाली लिहिलं, 'मलाही.' सही केली. रावजींनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, मग पोह्यांची बशी ओढली.

"मामंजी," तुळसा हलकेच म्हणाली, "जा, आता सांगा वाडीत."

कोंडाजींनी खालच्या मानेनंच दाराबाहेर पाहिलं. कुंपणाला चौदाही घरं कान लावून उभी होती. एकतीस वर्षांनी पहिल्यांदा फाइल वाचली होती, आणि सांगायला कोणी उरलं नव्हतं!