फुलोऱ्यावर आलेला कॅमेरा

माझ्या शेडमध्ये गांजाचं पान हललं तरी मला कळतं! अमेरिकेतल्या ओरेगनात कायदेशीर गांजा पिकवायचा तर डोळ्यांत तेल घालूनच राहावं लागतं. रोप फुलोऱ्यावर आलं की त्याच्या बुंध्याला चिप असलेला निळा पट्टीचा बिल्ला बांधायचा आणि त्याचा नंबर सरकारी संगणकात चढवायचा. एक जरी रोप बिनबिल्ल्याचं सापडलं तरी परवान्याला रामराम!

म्हणून माझा कुणावरच विश्वास नाही. त्यातही माझा मेहुणा रॉस्को! हा माणूस पाणी घालताना शीळ घालतो. सरळ माणूस कामात शीळ कशाला घालेल? नियमाप्रमाणे लावलेले कॅमेरे शेडमध्ये होतेच, पण ते सगळ्यांना दिसतात. त्यांच्यासमोर चोर चोरी करेल होय? म्हणून गेल्या आठवड्यात मी छताच्या तुळईवर एक गुपचूप कॅमेरा बसवला.

आणि काल तपासणीला सरकारी अधिकारी टिलट्सनबाई आल्या. हातात बिल्ले वाचायचं यंत्र, चेहरा इस्त्री केलेला. रांगेवरून चालता चालता त्या एका रोपापाशी थांबल्या.

"व्हर्जिल, याचा बिल्ला कुठाय?"

मी रॉस्कोकडे बोट दाखवलं. "यालाच विचारा!"

"मी? दाजी, मी काय बिल्ल्याची भाजी करून खाणार?"

"खिसे उलटे कर!"

त्याने उलटे केले. हरणाच्या सुक्या मांसाचे तुकडे पडले. बाईंनी यंत्र फिरवलं. गप्प! त्याच्या ट्रकवर फिरवलं, जेवणाच्या डब्यावर फिरवलं. तरी गप्प! आवाज ऐकून माझी बायको मार्लिस आली. "माझ्या भावाला चोर म्हणतोस?" तिने कमरेवर हात ठेवले. आता परवाना आणि संसार दोन्ही पणाला लागले होते.

"पुरावा देतो!" मी गरजलो. "वर माझा गुप्त कॅमेरा आहे!"

शिडी लावली. यंत्र घेऊन बाई स्वतः वर चढल्या. तुळईजवळ पोचताच यंत्र असं किंचाळलं, की रॉस्कोच्या हातातली झारी पडली.

कॅमेरा तुळईला निळ्या बिल्ल्यानेच बांधलेला होता.

मग मला आठवलं. त्या दिवशी शिडीवर असताना बांधायची पट्टी संपली होती. खाली रॉस्को शीळ घालत होता. त्याच्याकडे पट्टी मागितली असती तर गुपित फुटलं असतं. खिशात एका रोपाचा बिल्ला होता, नंबर संगणकात चढवलेला...

"बाई, कापून काढतो ना बिल्ला!"

"बिल्ला कापणं म्हणजे छेडछाड. परवाना जाईल." बाई शिडीवरून उतरल्या. "आमच्या नोंदीत हा कॅमेरा फुलोऱ्यावर आलेलं रोप आहे, आणि ते रांग सोडून भलतीकडे सापडलंय. परवाना ठेवायचा असेल तर आत्ता नष्ट करा. नियमाप्रमाणे बारीक कुटायचं आणि तेवढंच शेणखत मिसळायचं. ते बिनबिल्ल्याचं रोपसुद्धा."

"नवा कोरा कॅमेरा आहे हो!"

"आणि हे सगळं नियमाच्या कॅमेऱ्यासमोर."

मी हातोडा घेतला. मार्लिसने शेणखताची पाटी आणून माझ्यापुढे आदळली. रॉस्को मात्र शीळ थांबवून वरच्या नियमाच्या कॅमेऱ्याकडे बघत होता.

"दाजी, जरा डावीकडे सरका," तो म्हणाला. "चोराचं तोंड नीट येत नाहीये."