शोकेसमधला रुबाबदार माणूस

आमच्या रस्त्यावर माणसाला थांबवून दाखवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही! डावीकडे सेलच्या पाट्या, उजवीकडे गाण्यांचा धुमाकूळ, समोर दिव्यांनी लखलखणारा बार, आणि मधून पिशव्या सांभाळत, एकमेकांचे पाय तुडवत चाललेलं अख्खं शहर. त्या गर्दीला कोटांच्या दुकानापुढे खिळवून ठेवतो तो मी. शोकेस सजवणं हा माझा धंदा. मदतनीस? मला लागत नाही!

त्या शनिवारी मोठे मालक येणार होते. मॅनेजरनं सकाळीच बजावलं, "आज शोकेसमध्ये गडबड झाली, तर उद्यापासून गोडाऊनमध्ये खोकी बांधायची."

"निर्धास्त राहा, साहेब!" मी म्हणालो.

संध्याकाळी पुतळ्याला नवा निळा कोट चढवताना बाही अडकली. मी जरा ओढली. बाहीबरोबर पुतळा आला, पुतळ्याखाली मी आलो, आणि त्याचं डोकं एकटंच कोपऱ्यात गडगडत गेलं. तेवढ्यात मॅनेजर दारातून ओरडला, "मालक आले! गाडी गर्दीत अडकली म्हणून चालत येतायत!"

मला काही सुचेना. धड पडद्यामागे ढकललं, कोट स्वतः चढवला, पुतळ्याचा काळा गॉगल लावला, हनुवटी वर केली आणि श्वास रोखून उभा राहिलो.

आमच्या रस्त्याची एक खोड आहे. एक जण थांबला, की कारण न विचारता मागे दहा थांबतात. बारच्या रांगेतली दोन पोरं काचेला नाक लावून उभी राहिली. काच नावापुरतीच, सगळं ऐकू येत होतं.

"ए, कान हलला त्याचा!"

"हट्! दिव्यांमुळे वाटतंय तुला."

"अरे, पोटसुद्धा आहे याला!"

"हल्ली खऱ्यासारखेच बनवतात."

गर्दी फुटपाथवरून रस्त्यावर सांडली. गाड्या खोळंबल्या, हॉर्न बोंबलू लागले. त्यातून वाट काढत मालक आले, ते खूश होऊनच!

"रस्ता बंद पाडलात की! कुणी सजवलं हे?"

"माझ्या देखरेखीखाली, सर," मॅनेजर म्हणाला. मी त्याला चावलोच असतो, पण हलायची सोय नव्हती.

आणि गर्दीतून पुढे आली माझी बायको! सोबत मेव्हणी. मी हनुवटी आणखी वर केली.

"ताई, भाऊजींना घे की हा कोट."

"ह्यांना? छे गं! असा कोट अंगावर बसायला माणूस रुबाबदार लागतो. बघ, हा कसा ऐटीत उभा आहे!"

लग्नानंतर इतकं कौतुक माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. मी विरघळलो. किंचित हसलो.

मेव्हणी किंचाळली. पोरं दोन पावलं मागे उडाली. मी दचकून पडद्याला धडकलो, पडदा खाली आला, आणि बिनडोक्याचं धड मालकांच्या नजरेसमोर आडवं झालं. माझा गॉगलही घसरला.

"अहो! तुम्ही?" बायकोनं काचेवर थाप मारली. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "काढा आधी तो कोट! अजिबात शोभत नाही तुम्हाला."

मालक मॅनेजरकडे वळले. "ऐकलंत ना? गिऱ्हाईकच सांगतंय. यांना गोडाऊनला पाठवा."

सध्या खोकी बांधतोय, त्याचं एवढं काही नाही हो. वाईट याचं वाटतं, की बायको आयुष्यात एकदा माझ्यावर भाळली होती, आणि मी मूर्खासारखा हसलो!