शिरसाठ साहेबांच्या सायलेन्सरची परीक्षा

शिरसाठ साहेबांनी मला, चांगल्या मिशीवाल्या बाप्याला, बुलेटवर एका बाजूला पाय सोडून बसवलं आणि अख्खं इंदिरानगर फिरवलं. गाडी नवी होती तेव्हा. एकदा नाही, धा वेळा. वरून हुकूम, "पोपटराव, म्हणा." मग मी म्हणायचं, "अहो, जरा हळू." तेही बेतानं, ओरडलेलं चालायचं नाही. त्यांना ऐकू आलं तर सायलेन्सर पास. नाहीतर परत माझ्या गॅरेजात.

मी चौथी शिकलेला. पण सायलेन्सरमधलं मला कुणी शिकवू नये. बुलेटचा आधी आवाज यावा, मग बुलेट यावी, हे माझं मत. आजही तेच आहे. साहेब ओझरच्या विमान कारखान्यातले. जन्म गेला घरघराटात, पण गाडी जरा दणकली की कपाळाला आठी.

"साहेब, बुलेट घेतली का मांजर?"

"मांजर चालेल. मागचं माणूस ऐकू आलं पाहिजे."

मागचं माणूस म्हणजे वहिनी. दर रविवारी दोघं निघायची. कधी त्र्यंबक, कधी वणी. एकदा पैठणी बघायला येवल्याला गेली आणि कांदे घेऊन आली. वहिनी वाटभर बोलायच्या, साहेब नुसती मान हलवायचे. वळण आलं की, "अहो, जरा हळू."

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. वाटलं, आता तरी गाडीला तोंड उघडू देतील. कुठलं काय! महिन्यात साहेब दारात. "पोपटराव, आवाज वाढलाय. काही ऐकू येत नाही."

मी आतली जाळी बदलली. परत आले. भोकं बारीक केली. परत आले. गाडी शिलाई मशीनपेक्षा गप झाली, तरी त्यांचं तेच. माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. "चला," म्हटलं, "बसतो परत मागं. बघूच!"

पाथर्डी फाट्याकडं निघालो. साहेब 'म्हणा' म्हणालेच नाहीत. मान जराशी मागं कललेली, कान माझ्याकडं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

वळण आलं. मी आपणहून म्हणालो, "अहो, जरा हळू."

साहेबांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "आत्ता आलं ऐकू. काम चांगलं झालंय."

त्या खेपेला मी सायलेन्सर उघडलासुद्धा नव्हता. फुकटची शाबासकी आपल्याला चालत नाही, म्हणून आता दर रविवारी त्यांच्या मागं बसून जातो. पाय मात्र दोन्हीकडं टाकून.