कान बघणारा रंगनाथ

रंगनाथ माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे, कानाकडे बघून बोलत असे. नवा माणूस भेटला की रामराम व्हायच्या आधीच हा मान वाकडी करून त्याच्या कानाची पाळी न्याहाळायचा आणि स्वतःशी पुटपुटायचा, “सुटी.” नाहीतर, “चिकटल्याली.” मग नाव-गाव.

रंगा माले गावचा, मी पौडचा. आमच्या खोऱ्यातून पुण्याला कॉलेजात जाणारी पोरं तेव्हा थोडी, आणि त्यात जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारे आम्ही दोघंच. पुण्यात एका खोलीत राहायचो, स्टोव्हवर भात शिजवायचो. सुट्टीत गावी गेलो की माल्याच्या पारावर रंगाची परीक्षा ठरलेली.

“रंगा, डाक्टर हुनार का?”

“न्हाई. जीवशास्त्र शिकतूय.”

“म्हंजी काय?”

“जे जितं हाय ते समदं.”

“मंग माजी म्हस बी?”

“म्हस बी, आन तुमी बी.”

कानांचं वेड लागलं ते दुसऱ्या वर्षी. आमच्या सरांनी आनुवंशिकता शिकवायला घेतली. वाटाण्याची झाडं फळ्यावर काढून झाली आणि सर माणसांवर आले. काहींच्या कानाची पाळी खाली सुटी लोंबते, काहींची गालाला चिकटलेली असते, आणि हे आईबापांकडून येतं, असं त्यांनी सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांचे हात आपापल्या कानाला गेले आणि हशा झाला. रंगा हसला नाही. त्या रविवारी तो घरी गेला आणि आधी बापाचे, मग चुलत्यांचे, मग दोन्ही आत्यांचे कान तपासून आला.

पुढे त्याला कुठलाच कान पुरेना. लवळ्याला एका लग्नात अक्षता टाकताना तो नवरीच्या कानाशी इतका वाकला की तिच्या भावाने त्याची गचांडी धरली. “आरं, कान बघतूय, कान!” रंगा ओरडत राहिला. आम्ही त्याला जेवायच्या आधीच मांडवातून बाहेर काढला.

वाटेत मी चिडून विचारलं, “कशासाठी हे सगळं?”

रंगाने स्वतःच्या कानाला हात लावला. मग म्हणाला, “घरात समद्यांचे कान सुटे हायेत. माजेच चिकटल्याले.”

“बरं मग?”

“मंग हे आईकडनं आलंय.”

रंगाची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. तिचा फोटो नव्हता. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिथली माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. बापाने दुसरं लग्न केलं, दोन घरांत काहीतरी बिनसलं, आणि तिचं नाव घरात निघेनासं झालं. आई कशी होती असं विचारलं की बाप म्हणायचा, “व्हती, बायामानसं आसत्यात तशी.” एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं.

सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी त्याला जवळ बसवून समजावलं. चिकटलेली पाळी यायला दोन्हीकडून वारसा लागतो, एकट्या आईकडून येत नाही. रंगाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बापानं दिलं आसंल, सर. पर आईनं तर दिलंच ना?”

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही शिधा न्यायला पौडला आलो. बाजार भरला होता. रंगा एका म्हाताऱ्या बांगडीवालीसमोर थांबला आणि तिच्या कानाकडे बघत राहिला.

“काय रं, कुडी चोरायची हाय का?” म्हातारी म्हणाली.

रंगाने सगळं सांगून टाकलं. आईचं गाव धरणात गेलं, तिकडचं कुणी सापडतंय का बघतोय.

“आईचं नाव काय?”

“बायजा.”

गावोगावच्या बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या चढवणारी बाई ती. “तिची धाकटी भन कासारसाईला दिल्याली,” ती म्हणाली. “येकटीच आसती आता. नवरा न्हाई, ल्योक न्हाई.”

रंगा तसाच निघाला. परीक्षेचं काय म्हणून मी ओरडत मागे, आणि घोटावड्याकडून आम्ही पायी कासारसाईला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात एक बाई नाचणी पाखडत होती. रंगा तिच्यासमोर नुसता उभा राहिला. मीच सांगितलं, हा माल्याच्या बायजाचा मुलगा.

सूप खाली ठेवून ती उठली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिने बघितलं.

“तुला न्यायाला आले व्हते मी,” ती म्हणाली. “बायजा गेली तवा. दिला न्हाई त्येंनी. दारातनं परत लावली मला.”

“मला कुनी सांगितलं न्हाई,” रंगा म्हणाला आणि ओट्यावर बसला. मावशीच्या डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता. रंगा मान खाली घालून रडत होता. कान बघायचं त्याला सुचलंच नाही.

मी एकटाच पुण्याला परतलो. प्रात्यक्षिकाला रंगा आला नाही. त्याचं वर्ष बुडालं. सरांनी नंतर कारण विचारलं तर म्हणाला, “मावशीकडं व्हतो.”

पुढचं सगळं वर्ष त्याने कासारसाईत राहून अभ्यास केला. मावशीचं नदीकाठचं शेतही तोच बघायचा. एकदा मी भेटायला गेलो, तर हा ओट्यावर बसून इंग्रजी पुस्तकातलं रक्ताभिसरण मोठमोठ्याने वाचत होता आणि मावशी चुलीपाशी भाकरी थापत “हं, हं” करत होती.

पाणी द्यायला ती बाहेर आली तेव्हा मी हळूच विचारलं, “मावशी, काय वाचतोय ते कळतं का?”

“न्हाई बाबा,” ती म्हणाली. “पर घरात कुनीतरी बोलतंय न्हवं.”

आणि आत जाता जाता तिने हाक दिली, “रंगा, थांबलास का? वाच की.”